दुय्यम नटाची वाक्यं

तेव्हा मी सिंगापूरमध्ये सबटायटल्स करणाऱ्या एका कंपनीत होते. जुना इंग्रजी सिनेमा बघायचा, पात्रं बोलतात ते इंग्रजीतच आखडून दोन ओळींत बसवायचं, आणि त्यावरून बाकीचे लोक चिनी नि मलय करायचे. माणूस भराभर बोलतो, वाचणाऱ्याचा डोळा तेवढा धावत नाही, म्हणून कापावं लागतं. दोघं एकदम बोलले तर नायकाचं ठेवायचं, दुसऱ्याचं उडवायचं. हा नियम मी इतका चोख पाळला की साहेब नव्या मुलींना माझं काम दाखवायचे. कौतुकाला मी भलतीच हपापलेली होते.

एका वर्षी हॉलिवुडच्या कृष्णधवल सिनेमांचा गठ्ठा आला. त्यातल्या अकरा सिनेमांत एकच माणूस होता. टक्कल, लांब नाक, खांदे किंचित पुढे. कधी हॉटेलातला कारकून, कधी न्यायाधीश, कधी नायिकेचा काका, आणि एकदा तर नुसता टोपी हातात धरून उभा. सिनेमे हाताला येतील तसे यायचे, त्यामुळे सोमवारी तो म्हातारा असायचा आणि गुरुवारी चाळिशीचा. टक्कल मात्र कायम. त्याची वाक्यं मी इतकी उडवली की शेवटी शेवटी तो तोंड उघडायच्या आतच माझं बोट बटणावर जायचं.

त्याच सुमाराला सासरे आमच्याकडे वुडलँड्सला आले. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातले. सासूबाई गेल्यावर नवऱ्याने इथे राहण्याचा पास काढून त्यांना आणलं होतं. महिन्याभरात त्यांच्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि जे निघालं ते नवऱ्याने मला लिफ्टपाशी सांगितलं. "बाबांना कळता कामा नये," तो म्हणाला. "हाय खातील." मी बरं म्हटलं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. वर जाऊन मी कुकर लावला.

कामाच्या टेप मी घरी आणू लागले. दुपारी सासरे शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण त्या टकल्यावर त्यांचा जीव जडला. तो पडद्यावर आला की विचारायचे, "हा गडी काय म्हणते?" मग मला टेप थांबवून त्याचा शब्द न् शब्द सांगावा लागे. तरुणपणी सासरे गावच्या जलशात, गाण्यांमधल्या नाटकात काम करायचे. सावकार, नाहीतर पोलीस. "मेन पार्ट आपल्याले कधी भेटलाच नाही," ते म्हणायचे. "पण आपण नसलो तं मेन पार्टवाला बोलन कोणाशी?"

एकदा त्यांनी त्या माणसाचं पुढे काय झालं ते विचारलं. मी लायब्ररीतल्या जाड कोशात शोधलं. सगळं आयुष्य चार ओळींत होतं. फिरत्या नाटक कंपनीत सुरुवात, तिशीतच टक्कल म्हणून म्हाताऱ्याची कामं, मग वर्षानुवर्षं एकाच स्टुडिओची नोकरी, उतारवयात टीव्हीवर घोडेस्वारांच्या मालिका. शेवटी जन्मगावी परतला आणि तिथेच वारला. सासऱ्यांनी शेवटची ओळ पुन्हा सांगायला लावली.

"मलेही गावी न्या, बेटा," ते म्हणाले. "मोठी बहीण आहे तिथं. एकदा भेट झाली पाहिजे."

पुढच्या तपासणीला नवऱ्याची मीटिंग होती, म्हणून मी एकटीच त्यांना घेऊन गेले. डॉक्टर तरुण चिनी मुलगी होती. माझ्याकडे बघत, सावकाश बोलली. आत्ता ते विमानात बसू शकतात. तीनेक आठवडे मी विमान कंपनीला तसं पत्र देऊ शकते. त्यानंतर त्यांना कोणी बसू देणार नाही. त्यांना काय हवंय, ते त्यांना विचारा.

"काय म्हणते डाक्टरीण?" सासऱ्यांनी विचारलं.

"गोळ्या बदलल्यात, मामाजी. आराम करा म्हणते."

"एवढंच? बाई तं किती वेळ बोलली."

"इंग्रजीत लांबतं."

डॉक्टरने विचारलं, ते काय म्हणाले? विचार करून सांगतो म्हणाले, मी म्हटलं. सराईतपणे म्हटलं, जीभ जरासुद्धा अडखळली नाही. संध्याकाळी नवऱ्याला प्रवासाचं सांगितलं. "बघू, पुढच्या महिन्यात रजा मिळतेय का," तो म्हणाला. मी विषय पुन्हा काढला नाही. भांडण नको होतं, आणि खरं सांगायचं तर मला कशाचाच खटाटोप नको होता.

त्या तपासणीनंतर पाचव्या आठवड्यात त्यांच्या पोटात पाणी झालं. वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "तिकीट काढलं का?"

मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर जे बोलली होती ते, तिच्या क्रमाने, काहीही न गाळता. त्यांच्या नावाने मी काय उत्तर दिलं तेही. इतके दिवस बधिर होते, पण सांगताना मला लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत वाटली. ते छताकडे बघत ऐकत होते.

"तीन आठवडे होते?"

"हो."

"तेवढ्यात भेट झाली असती."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पोराले सांगू नको, मले समजलं म्हणून. तो मनाले लावून घेईन."

सहा वाजता नवरा ऑफिसातून थेट आला, भाताचा डबा घेऊन. "बाबा, बरे झालात की लगेच गावी जाऊ," तो म्हणाला. "मी रजा टाकतोय."

सासऱ्यांनी हाताने मला उशी उंच करायला सांगितलं. नीट टेकून बसले. चेहरा एकदम उजळला त्यांचा.

"हो ना, जाऊ," ते म्हणाले. "तुझ्या आत्यासाठी एक शाल घेऊन ठेव."

"कोणता रंग घेऊ?"

त्यांनी जरा विचार केला.

"कोणताबी घे. पण गरम पाहून घे. तिले थंडी सोसत नाही."