श्वास घेता घेता हुकलेलं दर्शन

बायकोच्या गाठीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर आलं होतं आणि धीर माझा सुटला होता. "ऑपरेशन माझं, घाम तुम्हाला," ती म्हणाली. "त्र्यंबकला जाऊन या. तेवढीच मला शांतता." नाशिकहून गाडी पकडली, पण मनात शंका होतीच. अडल्यावरच देव आठवणाऱ्या माणसाचं तो कशाला ऐकेल?

ताण घालवायचे उपाय मी मोबाईलवर शिकलो होतो. पोटातून सावकाश श्वास घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा, अंगठा आणि तर्जनीमधला मऊ भाग दाबून धरायचा. इतकं सोपं. पण सोपी गोष्ट सोपी ठेवणं माझ्या रक्तात नाही. दर्शनबारीत गर्दी दाटली, छाती धडधडू लागली, तसा मी लोहाराच्या भात्यासारखा श्वास ओढू लागलो. मागच्या माणसाने काळजीने विचारलं, "काका, दम्याचा पंप घरी विसरलात का?" डोकं गरगरायला लागलं. रांग सोडून पळावं असं वाटलं.

तेवढ्यात पुढच्या मावशींनी वळून माझा हात धरला. येवल्याकडच्या, एकट्याच आलेल्या. "भाऊ, हात सोडू नका. गर्दीत लय घाबरल्यागत होतंय." घाबरलेल्या माणसाने धरल्यावर आपल्याला घाबरायची सोय राहत नाही. मी त्यांच्या हाताचा तो मऊ भाग हलकेच दाबला. म्हटलं, "मावशी, माझ्याबरोबर श्वास घ्या. हळू." त्यांना दाखवायचं म्हणून मलाही हळू घ्यावा लागला. रांग सरकत होती. बोलता बोलता बायकोचंही सांगून झालं. छाती कधी निवली, कळलंच नाही.

गाभाऱ्यासमोर आलो. पिंड खोलात, म्हणून वर आरसा लावलेला. त्यात क्षणभर बघायचं आणि पुढे सरकायचं. मी मात्र भक्तिभावाने डोळे मिटले आणि एक दीर्घ श्वास घेतला. तो सोडेपर्यंत "चला, चला" करत मला बाजूला काढलंही होतं. दर्शन नाही, मागणं नाही.

बाहेर मावशी पोट धरून हसल्या. "डोळे मिटायला इथवर आला व्हय?" मग पदर सावरत म्हणाल्या, "जाऊ द्या. म्या पाहिलं ना. वहिनींचंच मागितलं. माझं मागायचं राह्यलंच बघा."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांच्या हाताचं श्रेय डॉक्टरांना. पण माझं मागणं माझ्याआधी तिथे पोचलं होतं, आणि तेही ओळखपाळख नसलेल्या तोंडून, हे मी विसरू शकत नाही. आता त्र्यंबकला गेलो की डोळे सताड उघडे ठेवतो आणि पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसासाठी मागतो. माझ्यासाठी मागणारं कुणीतरी रांगेत असेलच.