यूपीएसची परीक्षा

बुधवार पेठेत माझं संगणकाचं दुकान नवं होतं. कसबा पेठेतल्या औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याला मी कधीपासून यूपीएस सुचवत होतो. शेवटी त्यांच्याकडे नेऊन जोडला आणि म्हणालो, "आता भिंतीवरचं बटण बंद करा."

"अहो, सकाळपासूनची बिलं आहेत त्यात. उडाली तर?"

"तर यूपीएस फुकट ठेवा."

त्यांनी बटण दाबलं. यूपीएस किंचाळला, पण पडदा उजळच राहिला.

"उत्तम. आता तुमच्या शेजारच्या दुकानात भाव विचारतो."

माझं डोकं फिरलं. संगणक बंद करायला लावून मी यूपीएस काखोटीला मारला. "जरूर विचारा. पण आजच. उद्या गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज जाणारच."

त्यांनी शेजाऱ्याकडूनच घेतला. जोडायला मात्र मला बोलावलं. मी गेलो नाही.