‘डिस्कार्ड झालंय’ म्हणजे कोणी केलं?

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. ठाण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या काउंटरवर मला सांगण्यात आलं, की माझ्या बहिणीच्या पेशी आता नाहीत...

शैला माझी धाकटी बहीण. डोंबिवलीच्या एका शाळेत तिने आयुष्यभर विज्ञान शिकवलं. चार वर्षांपूर्वी गेली. तिची गाठ दुर्मीळ जातीची होती, म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, थोडा भाग संशोधनासाठी द्याल का. तिने संमतीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, त्यातल्या दोन चुका लाल पेनने सुधारल्या आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘संपलं तर ताईला कळवा.’ ताई म्हणजे मी. पुढे माझा फोन नंबरही लिहिला.

टिश्यू कल्चर म्हणजे केळीची रोपं, एवढंच मला तोवर माहीत होतं. माणसाच्या पेशीही तशाच वाढवतात, हे तिथे कळलं. गाठीचा तुकडा बारीक चिरायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, चपट्या बाटलीत गुलाबी द्रवात सोडायच्या आणि अंगाइतक्याच उबेत ठेवायच्या. जगल्या तर तळाला चिकटतात, वाढतात. तळ भरला की काढून नव्या बाटल्यांत वाटून टाकायच्या. मग नवं औषध माणसाला देण्याआधी या पेशींना देऊन बघतात.

शैलाच्या गाठीवर औषध नव्हतंच. पुढे कुणाला ती झाली तर असावं, एवढीच तिची इच्छा होती.

दर वर्षी तिच्या वाढदिवसाला, ११ फेब्रुवारीला, मी तिथे जाते. तिथल्या टेक्निशियन बाई मला मायक्रोस्कोपमधून दाखवतात. शैला शाळेतली बाई, म्हणून त्या बाटलीलाही ‘बाई’च म्हणतात. पहिल्या वर्षी म्हणाल्या, “बाई पॅसेज सातला आहेत.” मी भडकलेच. म्हटलं, “तिला पॅसेजमध्ये का ठेवलंय? खोल्या नाहीत का तुमच्याकडे?” त्या हसत सुटल्या. एका बाटलीतून दुसरीत नेलं की एक पॅसेज, असा तो हिशोब निघाला. शैलाने ऐकलं असतं तर मला बाकावर उभं केलं असतं.

तर यंदा काउंटरवर एक अधिकारी होते. कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, “मॅडम, ते सॅम्पल डिस्कार्ड झालंय.”

“कोणी केलं?”

“झालंय, मॅडम. दिवाळीनंतर. सिस्टीममध्ये तसंच दिसतंय.”

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गाची काच फुटली की आम्ही उभ्या राहून म्हणायचो, ‘मदर, द ग्लास गॉट ब्रोकन.’ मदर चष्म्यावरून बघत एवढंच विचारायच्या, ‘बाय हूम?’ मी अधिकाऱ्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, “पुढच्या आठवड्यात फोन करा.”

जिना उतरत होते, तर मागून हाक आली. टेक्निशियन बाई. धापा टाकत समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, डिस्कार्ड मी केलं.”

दिवाळीच्या सुट्टीत बाटल्यांकडे बघायला कोणी नसतं, म्हणून सगळ्या पेशी छोट्या कुप्यांत गोठवून अतिथंड द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या होत्या. टाकीचा अलार्म बंद आहे, हे या बाईंनी दोनदा लेखी कळवलं होतं. सुट्टीत नायट्रोजन भरायला कोणी आलंच नाही. टाकी कोरडी पडली आणि आतलं सगळं वितळलं.

सुट्टीनंतर त्यांनी शैलाच्या चारही कुप्या काढून बाटल्यांत सोडल्या. तीन आठवडे एक दिवसाआड गुलाबी पाणी बदललं. “एकसुद्धा चिकटली नाही हो, मॅडम... सगळ्या नुसत्या तरंगत होत्या. मग हात जोडले आणि ब्लीच ओतलं.” तुम्हाला कळवायचं का, असं साहेबांना विचारलं, तर ‘गरज नाही’ असं उत्तर मिळालं.

मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “एक कुपी आहे अजून. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका लॅबला दिलेली. पण तिकडे मार्चअखेर जुनं सगळं काढून टाकतात. परत मागवायला इथून पत्र लागतं. ते कोणी लिहीत नाहीये.”

मी म्हटलं, “हे सगळं मी जाहीरपणे लिहिलं तर तुमच्या नोकरीचं काय?”

“लिहा खुशाल. लॉगबुकमध्ये मी सहीनिशी लिहून ठेवलंय.”

मी सरकारी कार्यालयात तीस वर्षं पत्रांची उत्तरं लिहिली. ‘कार्यवाही करण्यात आली’, ‘नोंद घेण्यात आली’... कोणी केली, कोणी घेतली, हे एकदाही लिहिलं नाही. वर पहिल्याच परिच्छेदात बघा, ‘सांगण्यात आलं’ लिहून बसले आहे. त्या पत्रांपलीकडे कुणाची तरी शैला असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. याची लाज मला परवा त्या जिन्यावर वाटली. आणि ज्या एका बाईने ‘मी’ म्हटलं, तिचे आभार मी इथे सगळ्यांसमोर मानते.

आता संस्थेच्या संचालकांना. माझा अर्ज तुमच्या टेबलावर आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. अलार्म कोणी दुरुस्त केला नाही, मला कळवायची गरज नाही हे कोणी ठरवलं आणि पुण्याला पत्र कोणत्या तारखेला जाणार, हे मला लेखी हवं आहे. शुक्रवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत. खाली नाव आणि सही हवी. आणि उत्तरात ‘झालं’ हा शब्द असेल, तर ते पत्र मी लाल पेनने सुधारून परत पाठवीन.