गोलखांबांमधली माती

"माती न्यायची म्हणजे कशी, एल्बिओ? बादलीत?"

"बादलीत, पोत्यात, तू म्हणशील त्यात, ताई. सोमवारी आपल्या मैदानावर बुलडोझर येतोय."

"आणि ओतायची कुठे? रेल्वेवाल्यांच्या मैदानात."

"आता ते आपलंही आहे. दोन्ही क्लब एक झाले. सही झाली."

"तुझी झाली."

देल्मिराआत्या हे बोलताना माझ्या बाबांकडे बघतही नव्हती. प्रेक्षक-गॅलरीखालच्या त्या ओलसर खोलीत ती शेवटच्या सामन्याचे शर्ट पिळत होती. बाबा क्लबचे शेवटचे अध्यक्ष, आणि आत्या क्लबची धोबीण, लहानपणापासून.

आमचा क्लब मोंतेविदेओच्या कत्तलखान्यातल्या कामगारांनी काढला. पाळी संपली की हातसुद्धा न धुता ते खेळायला उतरायचे. रुळांपलीकडच्या क्लबचे रेल्वेवाले ओरडायचे, "कसाई, कसाई." यांनी तेच अंगावर घेतलं. पांढरा शर्ट, कोपरापासून मनगटापर्यंत लाल. असा शर्ट धुणं म्हणजे शिक्षा. लाल रंग सुटला की पांढरं गुलाबी झालंच. आत्या थंड पाण्यात मीठ आणि व्हिनेगर टाकून बाह्या वेगळ्या धरायची. तिच्या हातून शर्ट कधी गुलाबी झाला नाही. हात मात्र कायमचे सुरकुतले.

ओमार नावाचा रेल्वेतला एक सिग्नलवाला तिला मागणी घालायला आला होता. आजोबांनी त्याला दारातच विचारलं, "रुळांच्या कुठल्या बाजूचा?" त्याने खरं सांगितलं. आजोबांनी दार लावलं, आणि आत्याने ते पुन्हा उघडलं नाही. आजोबा रेल्वेवाल्यांच्या मैदानावरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून जायचे. ते वारल्यावर त्यांची राख, आमच्याकडे जुन्या सभासदांची पुरतात तशी, गोलखांबांच्या मधे पुरली.

"आपले बाबा त्या मैदानात पाय ठेवायचे नाहीत," आत्या म्हणाली. "आणि मी त्यांना बादलीतून नेऊन ओतू?"

"मग काय करणार आहेस?"

"खुर्ची टाकून बसेन. गोलमधे. येऊ दे त्यांचा बुलडोझर."

"पोलीस उचलून नेतील."

"नेऊ देत. निदान त्यांना दिसेल, कुणी होतं इथे."

"कुणी नाहीये तिथे, ताई."

आत्याचे हात थांबले.

बाबांनी 'माते' या कडू चहाचा भोपळा हातात घेतला, नळी तोंडाला लावली, पण ओढलं नाही. "गोलसमोर दर वर्षी खड्डा पडायचा. गोलकीपर तिथेच नाचणार, दुसरं काय होणार. मग उन्हाळ्यात आम्ही तुडवलेली माती काढायचो, हातभर खोल, आणि नवी भरायचो."

"वरून टाकायचात. मी पाहिलंय."

"तू भरताना पाहिलंस. काढायचो पहाटे. ट्रक मी चालवायचो."

"आणि ती माती?"

"रेल्वेवाल्यांकडे. त्यांचं मैदान नुसतं दगडांचं होतं. आपण माती द्यायचो, ते आपल्याला रेघांसाठी चुना द्यायचे. दोन्हीकडच्या चार माणसांना माहीत होतं, बस."

"आपल्या बाबांना पुरल्यानंतरच्या उन्हाळ्यातही?"

"तेव्हाही. माझ्या डोक्यातच आलं नाही गं. माती म्हणजे माती वाटली. रुळांच्या बाजूचा त्यांचा कोपरा आहे ना, तिथे टाकली."

"आणि ही बादलीची गोष्ट?"

"म्हटलं, तुला बरं वाटेल."

आत्याने हातातला शर्ट पुन्हा पिळला. त्यातून आता काही गळत नव्हतं. मग तिने तो दोरीवर घातला, बाह्या सरळ केल्या, चिमटे लावले. भिंतीवर नव्या क्लबचा शर्ट टांगला होता, हिरवा, लाल कॉलरचा. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

"नव्या क्लबला शर्ट धुवायला माणूस हवंय," बाबा हळू म्हणाले. "मी तुझं नाव सांगितलंय. हिरवा आहे, रंग जाणार नाही. येशील ना, ताई?"

आत्याने एप्रन काढला, पिंपावर ठेवला आणि बाहेर गेली. बाबा दारापर्यंत गेले. ती गोलकडे वळली नाही. फाटकातून रस्त्यावर आली आणि रस्ता न ओलांडता याच बाजूच्या फुटपाथवरून, रुळांच्या दिशेने, रेल्वेवाल्यांच्या मैदानाकडे चालत राहिली.