बाळ दूध पितच नव्हतं…

काल दुपारी आम्ही घरी आलो. नागपूरच्या धंतोलीतल्या हॉस्पिटलमधून वाडीच्या आमच्या दोन खोल्यांत… मी, माझा नवरा आणि आमचं बाळ! माझा आणि बाळाचा, दोघांचेही रिपोर्ट आता निगेटिव्ह आहेत. खूप जणांनी मेसेज करून विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

डिलिव्हरीसाठी ॲडमिट झाले तेव्हा माझी कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. बाळ झालं, छान रडलं… आणि मग त्याचीही पॉझिटिव्ह आली. एवढ्याशा नाकात सिस्टर ती टेस्टची काडी घालत होत्या तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

डॉक्टर मॅडमनी धीर दिला. बहुतेक बाळं यातून नीट बाहेर येतात म्हणाल्या. मास्क लावा, हात धुवा आणि अंगावर पाजा, बस.

हात धुवा हे मला सांगायची गरजच नव्हती. माझं माहेर उमरेडचं, घरात हातमाग. शाळेच्या आधी मी बाबांजवळ मागावर बसून शिकले, आणि त्यांचा पहिला धडा हाच… कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय सुताला बोट लावायचं नाही. एक डाग पडला की अख्खं लुगडं वाया.

इथे तर डागापेक्षा वाईट काहीतरी होतं. मग काय… दर वेळी पाजायच्या आधी हात, मान, गळा, छाती, सगळं घासून काढायचं. नवऱ्याकडून मुद्दाम उग्र वासाचा जंतुनाशक साबण मागवला होता. त्वचा चरचरायची, पण मनाला बरं वाटायचं.

आणि बाळ पीत नव्हतं. जवळ घेतलं की तोंड फिरवायचं, कुरकुरायचं आणि तसंच झोपून जायचं. थोडा ताप होता, अंग मलूल… चमच्यानं थेंब थेंब दिलेलं दूध अर्धं हनुवटीवरूनच ओघळायचं.

आई उमरेडहून व्हिडिओ कॉलवर सगळं बघत होती. "काहून वं, हाताची सालटं निघाली तरी घासूनच राहिली तू?"

मी चिडले. म्हटलं, आई, हा कोरोना आहे, तुला नाही कळायचं.

"बरं बाई, घास. कढई समजून घास सोताले!"

सोमवारी सकाळी मॅडमनी स्पष्ट सांगितलं. संध्याकाळपर्यंत बाळ स्वतःहून प्यायलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल आणि वरच्या मजल्यावर एनआयसीयूत हलवावं लागेल. तिथे मला जाता येणार नव्हतं. त्या गेल्यावर मी किती रडले, ते माझं मलाच माहीत…

दुपारी पुन्हा एकदा प्रयत्न करू म्हणून बाथरूममध्ये शिरले. अंगाला साबण लावणार, तेवढ्यात तो हातातून निसटला… आणि थेट संडासच्या भांड्यात!

आणि नेमकं तेव्हाच बाळ रडलं. जन्मानंतर पहिल्यांदाच असं, गळा काढून! बेसिनवरच्या हँडवॉशनं घाईघाईनं हात धुतले, मास्क वर केला आणि धावले. बाकी अंग तसंच… वॉर्डातला एसी बंद, नागपूरचं ऊन, घामानं नुसती थबथबलेली. आपण काहीतरी भयंकर करतोय असं वाटत होतं, पण बाळ रडायचं थांबायलाच तयार नव्हतं.

जवळ घेतलं. त्यानं नाक घासलं… इकडे… तिकडे… क्षणभर थांबलं… आणि पकडलं!! घुटक… घुटक… गिळण्याचा आवाज येत होता हो!

पीपीई किट घातलेल्या सिस्टर दारातूनच ओरडल्या, "ताई, आता हलू नका! अजिबात हलू नका!" मी तर श्वाससुद्धा जपून घेत होते.

नवरा खाली रस्त्यावर डबा घेऊन उभा होता. एका हातानं फोन लावला आणि तोंडातून सरळ उमरेडच निघालं, "पिऊन राहिलं जी!" तो इतक्या जोरात ओरडला, "पिऊन राहिलं?" की मागून वॉचमनचा आवाज आला, "कोण पिऊन राहिलं भाऊ, भर दुपारी?"

संध्याकाळी मॅडम राउंडला आल्या. मी भीत भीत साबणाची सगळी कथा सांगितली. त्या आधी पोटभर हसल्या.

"अहो, बाळ आईला वासानं शोधतं. तुम्ही तर स्वतःला पुसूनच टाकलं होतं! मी फक्त हात म्हटलं होतं… बाकीचं कोणी शिकवलं?"

"बाबांनी," मी म्हटलं.

ताप उतरल्यामुळेही भूक लागली असेल, असंही त्या म्हणाल्या. त्यामुळे नेमकं कशानं झालं ते मी ठामपणे सांगणार नाही. पण नळी लागली नाही, वरच्या मजल्यावर जावं लागलं नाही… बाळ माझ्याजवळच राहिलं.

ज्यांच्या घरी असं पॉझिटिव्ह बाळ आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारा, आणि ते सांगतील तेवढंच करा. भीतीपोटी त्यात आपली भर घालू नका… माझ्यासारखी. मॅडम आणि सिस्टर, तुमचे चेहरे मी पाहिलेच नाहीत, पण आयुष्यभर विसरणार नाही.

हे सगळं एका हातानं टाइप केलंय, दुसऱ्या हातावर बाळ पोट भरून झोपलंय. हात पार बधिर झालाय… पण हलवणार नाही.