काकूंचं एकच प्लगिन

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एक काकू ठोकळ्यांनी घरं बांधायच्या ऑनलाइन गेमचा सर्व्हर चालवतात. कुणी उडत्या गाड्यांचं प्लगिन, म्हणजे गेमला जोडायचा जादा भाग, सुचवलं की चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, ‘त्यावाचून आपलं काय अडलंय रे?’ मग ते राहूनच जातं. त्यांनी हट्टाने घातलं ते एकच, कुणी काय बांधलं, काय मोडलं याची नोंद ठेवणारं आणि मोडलेलं परत उभं करणारं. आम्ही हसलो होतो.

रविवारी मी गेममधल्या माझ्या लाकडी घरात फळ्यांवरच चूल पेटवली आणि सगळ्यांचं गाव जळालं. मी गेम बंद केला. काकूंनी त्याच प्लगिनने दहा मिनिटांत गाव होतं तसं उभं केलं, शेवटच्या कौलापर्यंत. ग्रुपवर नुसता जल्लोष. ‘पण जाळलं कुणी?’ कुणीतरी विचारलं.

‘नोंदीत नाव दिसत नाही,’ काकू म्हणाल्या.

मी माझ्या घरात शिरलो. चूल तेवढी दगडाची झाली होती.