सोप्या वाटेवरच्या तीन फांद्या

डोंगरातली वाट सोपी आहे असं कुणी म्हटलं की आजही मी सावध होते. सोपी कुणाला, हे आधी विचारून घ्यावं. मी त्या दिवशी विचारलं नाही.

प्लेगाचं वर्ष होतं. घोडेगावात आमचं दुकान होतं. डोंगरातली माणसं तिथे हिरडा आणून टाकायची आणि मीठ-तेल घेऊन जायची. एका संध्याकाळी शेजारच्या घरात उंदीर मरून पडला आणि सासऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, बायकामाणसांनी उद्या पहाटे गाव सोडायचं. दुकानाची आवराआवर करून ते आणि माझा नवरा चार दिवसांनी येणार होते. जायचं कुठे, तर आमच्याकडे हिरडा आणणाऱ्या एका बाईच्या वाडीवर. ती त्या दिवशी बाजाराला आली होती आणि तिनेच बोलावलं होतं.

"चला आमच्याकडं. वाट लई सोपी हाय. आमची म्हातारी माणसं बी येत्यात-जात्यात," ती म्हणाली.

मला काळजी करायला एरवीही कारण लागत नाही. त्या वर्षी तर कारणं दारात येऊन बसली होती. बैलगाडीत मी दर थोड्या वेळाने माझ्या पाच वर्षांच्या लेकीच्या काखेत हात घालून गाठ आहे का ते चाचपत होते. तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती खिदळायची. मला मात्र प्रत्येक वेळी घाम फुटायचा.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली आणि आमच्याबरोबर ती हिरडेवाली बाईही उतरली, तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे धरलेले. पण नेम कडक. सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंबही नाही. त्यातून त्या दिवशी चौदस होती. आम्हा जैनांत चौदसेला हिरवं वर्ज्य. सासूबाई तर त्या दिवशी अंगणातल्या तुळशीचं पानसुद्धा खुडू द्यायच्या नाहीत.

"बिंदणी, तू या बाईबरोबर पुढे हो," त्या मला म्हणाल्या. सुनेला आमच्यात बिंदणी म्हणतात. "चूल मांड, पाणी गाळून उकळून ठेव. दिवस मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे. मी पोरीला घेऊन हळूहळू येते."

"एकट्या कशा याल?"

"एकटी कुठे? हिचे डोळे आहेत ना माझ्याजवळ."

लेक लगेच अभिमानाने फुगली आणि आजीचं बोट घट्ट धरून उभी राहिली. मी बोचक्यात पाणी गाळायचं फडकं शोधत होते, तेवढ्यात ती हिरडेवाली बाई सासूबाईंना आणि पोरीला काहीतरी समजावून सांगत होती. माझं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात अजून तो उंदीर होता.

वाट खरंच सोपी निघाली. माझं माहेर राजुरीचं, तिकडे सगळी सपाट शेतं. डोंगर मी लांबूनच पाहिलेला. तरीही दम लागला नाही. वर झाडांची सावली, खाली पायांनी मळून गुळगुळीत झालेली माती. बाई डोक्यावर बोचकं आणि कमरेला कोयता लावून पुढे चालत होती.

पहिला फाटा आला तसा तिने जांभळीची हिरवीगार फांदी एका घावात तोडली आणि डावीकडच्या वाटेच्या तोंडाशी आडवी टाकून दिली. आज चौदस, आणि ही बाई उगाच चाळा म्हणून झाड तोडते! फांदीवर काळ्या मुंग्यांची रांगच्या रांग सैरावैरा धावत होती. मागून सासूबाई अनवाणी येणार, त्यांना दिसत नाही. पाय भलतीकडे पडला, मुंग्या चिरडल्या आणि ते त्यांना कळलं, तर त्या दोन दिवस उपास करतील. बाई वळणाआड गेली होती. मी दोन बोटांनी फांदी उचलली आणि कारवीच्या झुडपाखाली अलगद ठेवली.

दुसऱ्या फाट्यावर तेच. तिसऱ्यावरही तेच. मी मनातल्या मनात बाईच्या नावाने बोटं मोडत होते. विचारायला काय झालं होतं? पण दुकानदाराच्या सुनेने हिरडेवालीला विचारायचं म्हणजे माझं नाक आडवं आलं. आणि खरं सांगायचं तर माझ्याच चांगुलपणाचं मला कौतुक वाटत होतं.

वाडीवर पोचले. झोपडी झाडली, चूल मांडली, पाणी उकळलं, भाकऱ्या झाल्या, डाळ शिजली. मी दर भाकरीला उठून वाटेकडे पाहत होते. शेवटी राहवेना.

"अजून कशा आल्या नाहीत?"

"येतील की," बाई म्हणाली. "घोर नका लावून घेऊ. तिन्ही फाट्यांवर फांदी आडवी टाकलीया. जिकडं फांदी, तिकडं जायाचं न्हाई. आजींना सांगितलंय म्या. पोरीनं तर पाठच केलं."

माझ्या हातातला डाव खाली पडला. क्षणभर वाटलं, बोलूच नये. मग वाटलं, न बोलले तर माझ्याइतकी पापी मीच.

"त्या फांद्या मी उचलल्या."

"काय?"

"मुंग्या होत्या त्यांच्यावर."

ती हसली नाही, रागावलीही नाही. कोयता उचलला आणि पळत सुटली. मी तिच्या मागे.

"पहिला फाटा वढ्याला जातो," ती पळता पळता सांगत होती. "दुसरा खाचराला. तिथून माघारी फिरता येतं. तिसरा कड्यावर जातो. गवत कापाया जातो आमी. फुडं वाट न्हाई."

पुढे वाट नाही, एवढंच मला ऐकू येत राहिलं. डोळ्यांनी अधू म्हातारी आणि तिच्या बोटाला माझी लेक. प्लेगापासून वाचवायला म्हणून जिला इथवर आणलं, तिला मी माझ्या हाताने कड्यावर पाठवलं होतं. मी नवकार मंत्र म्हणायला लागले आणि पहिल्याच ओळीवर अडकले.

वाडीकडून येताना तिसरा फाटा आधी लागतो. तिथे पोचलो आणि मी जागच्या जागी थांबले. कड्याच्या वाटेच्या तोंडाशी एक हिरवी फांदी आडवी पडली होती. मी उचललेली तर कारवीखाली तशीच होती, पानं मलूल झालेली. बाई खाली वाकली.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली. "कोयत्याची न्हाई ही. हातानं पिळून मोडलीया."

खरंच, देठाशी सालीच्या चिंध्या लोंबत होत्या. तेवढ्यात पायथ्याच्या बाजूने, वीसेक पावलांवरच्या झाडाखालून माझ्या लेकीचा आवाज आला.

"आई! आजीने झाड मोडलं!"

सासूबाई बुंध्याला टेकून बसल्या होत्या. मी लेकीला उचललं आणि इतकं घट्ट आवळलं की ती ओरडली. मग तिनेच सगळं सांगितलं. फांदी कुठेच दिसली नाही, म्हणून त्या प्रत्येक फाट्यावर रुंद वाट धरत गेल्या; दोनदा ती बरोबर निघाली, तिसऱ्यांदा चुकली. पुढे वाट संपली आणि नुसतं आभाळ आलं. हिने आजीचा पदर धरून मागे ओढलं. परत फाट्यावर आल्यावर आजीने फांदी मोडली, ती लवकर तुटेना, मग आजी त्या झाडाला हात जोडून मिच्छामि दुक्कडम्, माझी चूक माफ व्हावी, असं म्हणाली.

"कशाला मोडलीत?" मी विचारलं. मला रडू आवरत नव्हतं. "आज चौदस ना?"

"चार दिवसांनी ते दोघे याच वाटेने येतील," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना कोण सांगणार?" जरा थांबून त्यांनी विचारलं, "फांद्या तू उचलल्यास ना?"

"हो. मुंग्या होत्या. तुमचा पाय पडला असता तर तुम्ही उपास..."

"कळलं मला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठायला.

वाडीवर पोचलो तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. भाकरी गरम होती. त्यांनी पोरीला जेवू घातलं आणि स्वतः ताट बाजूला सारलं. मोडलेल्या फांदीसाठी दोन दिवसांचा उपास. मी म्हटलं, हा उपास माझा आहे. त्या म्हणाल्या, "तू मोडली नाहीस."

चौथ्या दिवशी सासरे आणि नवरा वर आले, धडधाकट. नवऱ्याला पाणी देताना मी विचारलं, वाट कशी होती.

"सोपी होती," सासरेच मधे म्हणाले. इतकी वर्षं डोंगरातल्या माणसांशी व्यवहार केल्याने इथल्या खुणा त्यांना ठाऊक होत्या. "एका फाट्यावर जरा घोटाळा झाला असता. पण तिथे कुणीतरी फांदी टाकून ठेवली होती."

सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या तळहाताची सोललेली कातडी अजून भरून आली नव्हती.